पडद्यावरचे नभोयान, मेजावरचे पत्ते

चित्रवाणीवर विज्ञानाच्या कल्पित कथा पाहणे आणि चित्रांचे पत्ते जमवून खेळणे, हे दोन छंद पोरकट समजण्याची रीत पुष्कळ घरांत आहे. जर्मनीतील अनेक कुटुंबांनी ते आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांस पुरतील असे जोपासले. मात्र त्या देशाचा इतिहास पाहता हे छंद दिसतात तितके निरुपद्रवी कधीच नव्हते. म्हणूनच त्यांची हकीकत सांगण्याजोगी आहे.

१७ सप्टेंबर १९६६ रोजी, शनिवारी रात्री, पश्चिम जर्मनीच्या चित्रवाणीवर 'राउमपट्रुल्ये', म्हणजे 'अंतराळातील गस्त', ही मालिका सुरू झाली. अमेरिकेत 'स्टार ट्रेक'चा आरंभ होऊन त्या वेळी अवघे नऊ दिवस लोटले होते. म्युनिकजवळच्या बव्हारिया चित्रपटगृहांत तयार झालेले हे सारे सात भाग, तेही कृष्णधवल. भविष्यकाळातील यंत्रे आणावयाची कोठून? कलाकारांनी घरगुती वस्तूच कामास लावल्या. 'ओरायन' यानाच्या नियंत्रणफलकावर चक्क कपड्यांस करावयाची इस्तरी बसविलेली होती! आपल्या घरातील वस्तू आकाशात गेलेली पाहून किती गृहिणी हसल्या असतील, याची कल्पना करावी.

परंतु ह्या मालिकेचे खरे महत्त्व इस्तरीत नाही. तिच्यातील पृथ्वीवर राष्ट्रे उरलेली नाहीत. आहे ती केवळ मानवजात. यानावरील मंडळींची नावेही तशीच बारा गावची: मॅक्लेन, दे मोंटी, सिगब्यॉर्नसन, लग्रेल, शुबाशी. आज्ञाभंगाबद्दल पदावनत झालेल्या नायकावर लक्ष ठेवण्यासाठी नेमलेली अधिकारी ही एक स्त्री आहे. महायुद्ध संपून एकवीस वर्षे झालेल्या देशात, वंशशुद्धीच्या वेडापायी जेथे लक्षावधींचा संहार झाला तेथे, दिवाणखान्यात बसून हे पाहणे साधी गोष्ट नव्हती. नाना मुलखांतून आलेल्या माणसांनी एकाच गलबतावर दिवस काढणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे, त्यांस ह्याचे मोल निराळे सांगावयास नको.

पुढे २७ मे १९७२ पासून 'स्टार ट्रेक'ही जर्मन भाषेत अवतरला. झेडडीएफ ह्या वाहिनीने ७९ भागांपैकी ३९ निवडले आणि शनिवारी सायंकाळी, मुलेबाळे पडद्यापुढे असतात अशा वेळी, दाखविले. मूळ मालिका प्रौढांसाठी होती. तेव्हा कात्री चालली आणि संवादही बदलले. एका भागात स्पॉकला त्याच्या जातीचा विवाहकाल व्याकूळ करतो. जर्मन भाषांतरात त्याचा झाला निव्वळ ताप, आणि मित्राशी झालेले द्वंद्व ठरले तापातील स्वप्न! मुलांस झेपेल तेवढेच द्यावे हा हेतू वाईट म्हणता येणार नाही. पण शेजारी बसलेल्या बापाला चार वाक्यांत जे समजावून देता आले असते, ते त्याच्यापासूनही लपविले गेले.

एक भाग तर दाखविलाच नाही. त्यात एका परग्रहावर नाझी राज्याची नक्कल उभी राहते. उरलेले भाग १९८७ पासून दुसऱ्या एका वाहिनीने आणले, तरी हा वगळलेलाच राहिला. तो १९९० नंतरच्या दशकात चित्रफितीवर मिळू लागला आणि झेडडीएफच्याच एका उपवाहिनीवर २०११ साली दिसला. ज्या मुलांनी तो १९७२ साली पाहावयाचा, त्यांचे केस एव्हाना पिकले होते.

ही भीती अगदीच अनाठायी मात्र म्हणवत नाही. आणि तिचे कारण दुसऱ्या छंदाकडे, चित्रे जमविण्याच्या छंदाकडे, पाहिले की उमगते. कोलोनच्या श्टोलवेर्क कारखान्याने एकोणिसाव्या शतकातच चॉकलेटबरोबर रंगीत चित्रे देऊन घरोघरी संग्रहवह्या भरविल्या होत्या. प्राणी, परदेश, परीकथा, सारे गोड आणि निर्मळ. नंतर तीच युक्ती सिगारेटवाल्यांनी उचलली आणि १९३६ साली हॅम्बुर्गलगतच्या आल्टोना येथून जी संग्रहवही निघाली ती हिटलरच्या जीवनचित्रांची होती. सिगारेट ओढावयाची वडिलांनी, कुपने देऊन चित्र आणावयाचे आणि डिंक लावून चिकटवावयाचे मुलाने. एखादे चित्र कमी पडले की पुन्हा पाकीट. संग्रह पुरा करण्याची ओढ एकदा घरात शिरली की तिच्या मागोमाग काय शिरते, हे पाहण्याची सवड कोणास उरत नाही.

आजचे जमविण्याचे पत्ते तसल्या प्रचारापासून मुक्त आहेत. त्यांचा लोभ निराळा आहे. रिचर्ड गारफील्ड ह्या अमेरिकन गणितज्ञाने १९९३ साली 'मॅजिक' हा खेळ काढला. बंद पाकिटातून निघतील ते पत्ते घ्यावयाचे आणि त्यांतून आपला जोड रचावयाचा. पुढल्याच वर्षी 'स्टार ट्रेक'च्या नभोयानावरही असा खेळ निघाला, आणि पडदा व मेज एकत्र आले. १८८४ पासून कुटुंबांचे खेळ छापणाऱ्या राव्हेन्सबुर्गर ह्या जर्मन संस्थेने २०२३ साली 'लोर्काना' आणला. त्याच्या पाकिटात बारा पत्ते असतात. कोणते, ते फोडल्याशिवाय कळत नाही.

येथे घराची परीक्षा होते. जर्मनांच्या जुन्या 'स्काट' खेळात पत्ते बत्तीस, गडी तीन, प्रत्येकास दहा आणि दोन पत्ते बाजूस. राव असो वा रंक, जोड एकच. (ह्या खेळातील भांडणे तोडण्यासाठी आल्टेनबुर्ग गावी एक न्यायमंडळ बसते, जर्मन माणूस गंमतही नियमाने करतो.) जमविण्याच्या पत्त्यांत मात्र ज्याचा खिसा जड त्याचा जोड भारी. दोघां भावांपैकी एकास वाढदिवसाला पाकिटे मिळाली आणि दुसऱ्यास मिळाली नाहीत, की खेळ सुरू होण्याआधीच निकाल लागतो. त्यावर उपाय एकच, आणि तो सोपा आहे: घरातील सर्व पत्ते एका डब्यात ठेवावे, पाकिटे एकत्र बसून फोडावी, आणि त्यातून प्रत्येकाने पाळीपाळीने पत्ता उचलून आपला जोड बांधावा. मग आजीही हरवू शकते.

पूर्ण जोड एका पेटीत ठेवण्याची ही रीत कोकणास नवी नाही. ज्या सावंतवाडी-रत्नागिरीच्या मुलखातून करारबद्ध मजुरांची गलबते भरली, त्याच सावंतवाडीची दशावतारी गंजिफा प्रसिद्ध आहे: १२० गोल पत्ते, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. ही हस्तकला मावळू लागली तेव्हा शिवरामसावंत भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी ह्यांनी राजवाड्यातच चितारी बसवून तिला जगविले. तिचा सर्वांत जाणता अभ्यासक जर्मन निघावा, हाही योगच. रूडॉल्फ फॉन लायडेन ह्यांचा जन्म १९०८ सालचा, बर्लिनचा. नाझी सत्तेवर आले त्या १९३३ सालीच ते मुंबईस आले, वृत्तपत्रांतून कलासमीक्षा लिहू लागले आणि गंजिफा जमवीत राहिले. लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयातील गंजिफांवरील त्यांचा ग्रंथ १९८२ साली प्रसिद्ध झाला.

गंजिफा खेळावयास तीन गडी लागतात. पत्ते गोल असल्याने हातात पिसता येत नाहीत. चादरीवर पालथे पसरून सर्वांनी मिळून कालवावे लागतात. दिवसा डाव मांडला तर रामाचा राजा ज्याच्या हाती येईल त्याने पहिली उतारी करावयाची. रात्री मांडला तर कृष्णाचा.