वेळ काढायचा, पण कुणाच्या खिशातून?

"वेळ मिळत नसतो, काढावा लागतो." हे वाक्य ज्याने कुणी पहिल्यांदा म्हटलं, त्याच्या घरी नळाला पाणी यायची वेळ ठरलेली नसणार. त्याच्या दाराशी सात दहाला शाळेची बस येत नसणार. आणि सकाळचा चहा त्याच्या हातात कुणीतरी आणून देत असणार, हे तर मी पैजेवर सांगते.

माझं वय ४१. दोन मुलं, ठाण्याच्या पलीकडून मुंबईला रोजची ये-जा, आणि दुसऱ्या बाळंतपणापासून जवळजवळ नऊ वर्षं व्यायामाच्या नावाने शून्य. गेलं सव्वा वर्ष आठवड्यातून चार दिवस मी नियमित व्यायाम करते. "कसं काय जमवलंस?" असं लोक विचारतात, तेव्हा त्यांना इच्छाशक्तीची गोष्ट हवी असते. ती माझ्याकडे नाही. इच्छाशक्ती त्या नऊ वर्षांतही भरपूर होती. मुलांच्या तापाच्या रात्री आणि सकाळची सात पन्नासची लोकल तिच्याच जोरावर निभावली. बदलली ती घरातली वाटणी. आणि म्हणूनच माझं म्हणणं असं आहे की, मुलं झाल्यावर व्यायाम करता येणं हा शिस्तीचा प्रश्न आहे, असं आपण एकमेकांना सांगत राहतो, ते सोयीचं आहे म्हणून. तो वाटणीचा प्रश्न आहे असं मान्य केलं, तर घरात दुसऱ्या कुणाला तरी उठावं लागेल.

आधी हिशोब करू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी, म्हणजे दम लागेल पण बोलता येईल इतपत. शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना ताकदीचं काम द्यावं. हे झालं मागणीचं. आता पुरवठा. भारत सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, आणि घरकाम करणारे पुरुष ८८. यात मुलांना आणि म्हाताऱ्यांना सांभाळण्याचा वेळ धरलेला नाही, तो वेगळा मोजतात. आणि हे ८८ सुद्धा जे पुरुष काहीतरी करतात त्यांचे. जे काडी इकडची तिकडे करत नाहीत ते या सरासरीत आलेलेच नाहीत. म्हणजे करणाऱ्या बाईत आणि करणाऱ्या पुरुषात रोजचा फरक २०१ मिनिटांचा. आरोग्यासाठी आठवड्याभरात जेवढा वेळ लागतो, त्याहून जास्त वेळ एका दिवसाच्या फरकात जातो. या बाईला "वेळ काढ" असं सांगणं म्हणजे भिकेचा कटोरा घेऊन उभ्या असलेल्याला बचतीचे फायदे सांगण्यासारखं आहे.

२०२२ मध्ये भारतातले जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते, असा अंदाज 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये प्रसिद्ध झाला. पुरुषांत ४२ टक्के, बायकांत ५७. एवढ्या मोठ्या देशातल्या निम्म्या लोकांना एकाच वेळी आळसाची साथ आली असं मानायचं, की त्यांच्या दिवसाची रचनाच बसवून ठेवणारी आहे असं मानायचं?

इथे मला लंडनच्या बसगाड्या आठवतात. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरने तिथल्या डबलडेकर बसच्या ड्रायव्हर आणि कंडक्टर यांच्या हृदयविकाराची तुलना केली. १९५३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. कंडक्टरांना हृदयविकार कमी होता. गाडी तीच, शहर तेच. एकजण दिवसभर बसून, दुसरा दिवसभर जिन्यावर वर-खाली. त्या कंडक्टरांनी पहाटे पाचचा गजर लावला नव्हता, भिंतीवर ध्येयवाक्यं चिकटवली नव्हती. त्यांच्या दिवसातच जिना होता. आपल्या दिवसातून जिना काढून घेतलाय, आणि तो परत बांधायची जबाबदारी एकेकट्यावर टाकली आहे. बाजार मग तो जिना हप्त्याने विकतो. रोजच्या दहा हजार पावलांचा आकडासुद्धा १९६५ मध्ये जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याच्या नावातून आला; 'मान्पो-केई', म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. पावलं चालणं चांगलंच. पण रात्री साडेदहाला आठ हजार दोनशेवर अडकलेली आई दिवाणखान्यात येरझाऱ्या घालते आणि झोप अर्ध्या तासाने कमी करते, तेव्हा त्या आकड्याने तिचं भलं केलं असं मला म्हणवत नाही.

इथे हमखास येणारा प्रतिवाद मला पाठ आहे: "पूर्वीच्या बायकांना कुठे जिम लागत होती? जातं, पाटा-वरवंटा, विहिरीचं पाणी. घरकाम हाच व्यायाम." यात तथ्य नाही असं नाही. घरकामातली हालचाल आरोग्य संघटनाही हालचालीत मोजते. पण व्यायामात तीन गोष्टी असतात: भार हळूहळू वाढतो, मध्ये विश्रांती मिळते, आणि थांबायचं कधी ते आपण ठरवतो. ओट्यापाशी दोन तास उभं राहण्यात यातलं काय आहे? पोळ्या लाटून खांदा भरून येतो, मजबूत होतो असं नाही. माझ्या आईने पंचेचाळीस वर्षं दणकून घरकाम केलं. ती आता ६८ वर्षांची आहे आणि जमिनीवर बसली तर आधार घेतल्याशिवाय उठता येत नाही. हळदी-कुंकवाला ती खुर्चीवर बसते आणि हसून म्हणते, "आमचं आता व्हीआयपी काम." एका बाईवरून सिद्धान्त मांडू नये, हे मला कळतं. पण घरकाम हाच व्यायाम असता, तर या देशातल्या साठीच्या बायकांचे गुडघे खेळाडूंचे असायला हवे होते.

मला वजनाच्या काट्यापेक्षा त्या खुर्चीची भीती वाटली. वजनाबद्दल बोलायला सगळे टपलेलेच असतात. लग्नकार्यात भेटणारी प्रत्येक मावशी आपण होऊन काटा लावते. पण तिशीनंतर स्नायू हळूहळू झिजू लागतात, आणि न वापरले तर लवकर झिजतात, हे कुणी सांगत नाही. जमिनीवरून हाताच्या आधाराशिवाय उठता येणं, गॅसचा सिलेंडर सरकवता येणं, सुटायच्या आत लोकल गाठता येणं, मुलगी दमली तर तिला दोन जिने उचलून नेता येणं: हे माझे फिटनेसचे निकष आहेत, आणि यातला एकही फोटोत दिसत नाही.

नऊ वर्षांनी सुरुवात करणाऱ्या शरीराचं स्वतःचं गणित असतं. दम लवकर सुधारतो. काही आठवड्यांत जिना चढताना फरक जाणवतो. स्नायूंना त्याहून वेळ लागतो, आणि हाडाला स्नायू बांधून ठेवणाऱ्या दोऱ्या सगळ्यात सावकाश तयार होतात. म्हणून उत्साहाने पहिल्याच आठवड्यात पाच किलोमीटर पळणाऱ्याची टाच तिसऱ्या आठवड्यात बोलू लागते. मी खुर्चीवर बसणं-उठणं, ओट्याला हात टेकून जोर मारणं, आणि पाच किलोच्या आट्याची पिशवी छातीशी धरून बैठका, इथून सुरुवात केली. आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण ती कुजबुजतच सांगितली जाते. बाळंतपणानंतर उडी मारली, खोकलं किंवा धावलं की थोडी लघवी होणं हे अनेक बायकांच्या बाबतीत घडतं. त्या लाजेपायी बायका व्यायाम सोडून देतात, आणि 'आळशी' हे विशेषण मुकाट स्वीकारतात. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम असतात, ते शिकवणारे फिजिओथेरपिस्ट असतात, आणि पुष्कळ जणींना त्यांनी फरक पडतो. 'नो पेन नो गेन'चा टी-शर्ट घालून ओरडणाऱ्याने हे एकदा तरी सांगितलेलं तुम्ही ऐकलंय?

आता वाटणीकडे येते. मी घरी हा विषय काढला तेव्हा नवरा म्हणाला, "मी तुला कधी नाही म्हटलं?" खरं होतं. तो कधीच नाही म्हणाला नव्हता. पण परवानगी आणि वेळ या दोन वेगळ्या वस्तू आहेत. "जा की" म्हणणं फुकट असतं. "जा, डबे मी भरतो" या वाक्याला किंमत असते. आम्ही आठवडाभर फ्रिजवर कागद लावला आणि कोण काय करतं ते फक्त लिहीत गेलो. भांडण झालं नाही. कागद वाचून झाल्यावर थोडी शांतता पसरली एवढंच. तेव्हापासून मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळी पावणेसहा ते साडेसहा आणि रविवारी एक तास माझा. त्या वेळात दूध, डबे, सासूबाईंचा चहा आणि हरवलेले मोजे हे खातं त्याचं. पहिले दोन महिने माझा सगळ्यात अवघड व्यायाम कोणता होता सांगू? दाराबाहेरून "आई, माझी निळी वही कुठाय?" अशी हाक आली की आतून उत्तर न देणं.

बापांनाही वेळ नसतो, हे मी जाणते. दोन शिफ्टमध्ये पिचलेला, बारा तास रिक्षा चालवणारा बाप कुठून व्यायाम करणार? त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती रविवारी पहाटे सायकलींचा जथा घेऊन निघून अकराला मिसळ खाऊन परतणाऱ्याबद्दल, जानेवारीत मुंबई मॅरेथॉनचं पदक गळ्यात घालून 'नो एक्स्क्यूजेस' लिहिणाऱ्याबद्दल. ते पदक त्याने कमावलंच आहे. पण त्या पोस्टमध्ये तो प्रशिक्षकाचे, ग्रुपचे, बुटांच्या कंपनीचेही आभार मानतो. चार महिने दर रविवारी मुलांना उठवणारी, भरवणारी, आणि "बाबा कधी येणार" याला उत्तर देणारी बाई मात्र त्या यादीत नसते. तिचा रविवार त्याने 'काढलेल्या' वेळेत गेलेला असतो.

मग बाईने काम दुसऱ्या बाईवर सोपवलं की सुटली, असंही नाही. पोळ्यांना मावशी ठेवून मोकळा झालेला माझ्यासारखीचा अर्धा तास त्या मावशींच्या पहाटेवर उभा असतो. त्या सहा घरं करतात, आणि त्यांना कुणी "स्वतःसाठी वेळ काढा हो" असा मेसेज पाठवत नाही. वेळ एका बाईकडून दुसऱ्या बाईकडे ढकलून पुरुषाचं घड्याळ तसंच ठेवायचं, याला वाटणी म्हणत नाहीत.

आणि घराबाहेर? आमच्या भागातली बाग दुपारी बंद असते आणि मी स्टेशनवरून घरी पोचते तेव्हा तिला पुन्हा कुलूप लागायची वेळ झालेली असते. फुटपाथवर दुचाक्या उभ्या. पहाटे अंधारात एकटीने चालायचं तर एक हात फोनवर. आपल्याकडे मुलांसाठी तालमी झाल्या, मैदानं झाली. बायकांच्या वाट्याला मंगळागौरीचे खेळ आले. झिम्मा, फुगडी, पिंगा यांत रात्रभर दम निघतो, पण तो श्रावणातल्या मंगळवारांपुरता. वर्षाच्या बाकीच्या रात्रींचं काय? दिवे लागलेला रस्ता, रात्री दहापर्यंत उघडी बाग आणि चालता येईल असा फुटपाथ मागणं हेही व्यायामाचंच बोलणं आहे. निवडणुकीत ओपन जिमची यंत्रं बसवून फीत कापणाऱ्यांना हे विचारायला हवं की, ती वापरायला बायका किती वाजता येऊ शकतात.

हे वाचणारे तुमच्यापैकी बरेचजण पंचविशीत असाल. तुमच्याकडे आज वेळ आहे आणि तो इच्छाशक्तीने मिळालाय असा तुमचा समज असणं स्वाभाविक आहे. लग्न ठरवताना पगार, शहर, स्वयंपाक येतो का, हे सगळं विचाराल. त्यात हेही विचारा: मूल झाल्यावर आठवड्यातल्या कोणत्या सकाळी तुझ्या आणि कोणत्या माझ्या? उत्तर "तेव्हाचं तेव्हा बघू" असं आलं, तर ते कोण बघणार आहे ते समजून घ्या.

आणि लग्न लांब असेल, तर तोवर घरात आई असेलच, किंवा दोघांची शिफ्ट सांभाळणारा बाप. त्यांना वाढदिवसाला पावलं मोजणारं घड्याळ घेऊन देऊ नका. मंगळवार आणि गुरुवारची सकाळ द्या. पावणेसहाला उठा, कुकर लावा, आणि वही कुठे आहे ते तुम्हीच शोधा.