शिस्त की मुस्कटदाबी?

५ जुलै २०२१ रोजी महाराष्ट्र विधानसभेने बारा सदस्यांस वर्षभरासाठी निलंबित केले. तालिका अध्यक्षांशी गैरवर्तन केल्याचा त्यांच्यावर आरोप होता. दांडगाईची भलामण आम्हांस करावयाची नाही. १९८९ साली मद्रासच्या विधानसभेत अंदाजपत्रकाच्या दिवशी जुंपलेली हाणामारी इकडे कुंभकोणमास आजही सांगितली जाते. परंतु बडतर्फ सदस्याची जागा पोटनिवडणुकीने सहा महिन्यांत भरावी लागते. निलंबिताची मात्र वर्षभर रिकामीच! म्हणजे आरोप बारांवर आणि तोंड बांधले बारा मतदारसंघांचे. २८ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अधिवेशनापलीकडचे हे निलंबन रद्द ठरविले, हे योग्यच झाले. आम्हां कारकुनांस निलंबित केले तरी टेबलावरच्या फायली दुसऱ्याकडे सोपविल्या जातात. त्या मतदारांची गाऱ्हाणी सभागृहाने कोणाकडे सोपविली होती?