इम्युनिटीची किंमत कोण मोजतं?

परवा टपरीवर पुन्हा तोच डायलॉग ऐकला. "अरे, आफ्रिकेतल्या लोकांना मलेरियाचं काय एवढं! डास चावून चावून त्यांची इम्युनिटी तयार झालेली असते. आपणच साले एसीत बसून नाजूक झालोय." बोलणारा चांगला शिकलेला, दहा-बारा वर्षं अनुभव असलेला माणूस. बाकीचे चौघे माना डोलवत होते. तिथे भांडलो नाही, म्हणून आता इथे भांडतोय.

राग येण्याचं कारण आधीच सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी हाच डायलॉग मी मारला होता. टीममधला एक मित्र चार महिन्यांसाठी लागोसला निघाला होता. डॉक्टरांनी मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या लिहून दिल्या होत्या आणि त्या खाल्ल्या की त्याला मळमळायचं. तिथे पोचल्यावर त्याने चॅटवर विचारलं, "बंद करू का रे?" मी शहाणा! म्हटलं, "मुंबईत वाढलास, लहानपणी दोनदा मलेरिया झालाय, तुला काय होणारे? आणि तिथली माणसं कुठे गोळ्या खातात?" त्याने बंद केल्या. पाचव्या आठवड्यात तो आयसीयूमध्ये होता, फाल्सिपॅरम मेंदूपर्यंत गेलेला. वाचला. मला त्याने त्यावरून कधीच काही म्हटलं नाही, आणि तेच जास्त लागतं.

त्यानंतर वाचायला लागलो. आणि कळलं की त्या डायलॉगमध्ये एक धडधडीत खरी गोष्ट आहे, म्हणूनच तो इतका घातक आहे.

खरी गोष्ट अशी. १८९९-१९०० च्या सुमारास रॉबर्ट कॉख जावा आणि न्यू गिनीमध्ये गावोगावच्या लोकांचं रक्त तपासत होता. जिथे मलेरिया बारमाही, तिथे लहान मुलांच्या रक्तात परजीवी खच्चून भरलेले आणि मोठ्या माणसांत जवळपास दिसेनात. पुढे १९६१ साली गांबियामध्ये कोहेन आणि मॅकग्रेगर यांनी मोठ्या माणसांच्या रक्तातली अँटिबॉडीज वेगळी काढून मलेरियाने आजारी असलेल्या मुलांना दिली, आणि मुलांच्या रक्तातले परजीवी झपाट्याने कमी झाले. म्हणजे इम्युनिटी असते, ती रक्तात असते, आणि ती वयाबरोबर वाढते. इथपर्यंत टपरीवरचा साहेब बरोबर.

पण ती मिळते कशी, ते बघा. फाल्सिपॅरमचा परजीवी तांबड्या पेशीत शिरला की पेशीच्या पृष्ठभागावर स्वतःचं एक प्रोटीन लावतो. त्या प्रोटीनच्या साधारण ६० आवृत्त्यांची जनुकं एकाच परजीवीकडे असतात, आणि तो त्या आलटूनपालटून वापरतो. शरीराने एक मुखवटा ओळखला की दुसरा. शिवाय शेजारच्या घरातल्या परजीवीचे ६० वेगळेच. एवढ्या सगळ्यांची ओळख पटायची तर पुन्हा पुन्हा आजारी पडावं लागतं. जिवावर बेतणाऱ्या मलेरियापासून थोडंफार संरक्षण पहिल्या काही आजारांतच मिळतं. साध्या तापापासून सुटका व्हायला वर्षं लागतात. आणि संसर्गच होऊ नये अशी पक्की इम्युनिटी? ती जवळजवळ कुणालाच मिळत नाही.

हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मालीतल्या कालिफाबुगूमध्ये रक्तात परजीवी नसलेली मुलं आणि तरुण निवडले आणि मग पावसाळाभर त्यांच्यावर लक्ष ठेवलं. २०१३ साली छापून आलेला निष्कर्ष असा की नवा संसर्ग होण्याचा वेग लहानमोठ्यांत सारखाच होता. फरक होता तो ताप येण्यात. आपल्या भाषेत सांगायचं तर बग फिक्स झालेलाच नाही, कुणीतरी रिकामा कॅच ब्लॉक लिहून ठेवलाय. लॉगमध्ये एरर दिसत नाही, म्हणून आपण सिस्टिम ठणठणीत आहे म्हणतो. इकडे त्या 'ठणठणीत' माणसाला डास चावतो, परजीवी घेतो आणि दोन घरं सोडून पाळण्यातल्या पोराला नेऊन देतो.

हे लांबचं नाही हं. आपल्या गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरमध्ये २०२० साली घराघरांत जाऊन सरसकट सगळ्यांचं रक्त तपासलं गेलं, ताप असो वा नसो. पॉझिटिव्ह निघालेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांना कसलीच लक्षणं नव्हती. ताप येईल तेव्हा दवाखान्यात या, ही पद्धत असल्या ठिकाणी का तोकडी पडते ते यावरून कळावं.

आता माझ्या मित्राकडे वळू. मुंबईतला त्याचा मलेरिया बहुधा व्हायव्हॅक्स, आणि त्याची ओळख फाल्सिपॅरमशी लढायला फारशी कामाला येत नाही. दुसरं म्हणजे वय. जावामधून पापुआत वसवलेल्या कुटुंबांवर केव्हिन बेअर्ड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास या बाबतीत फार बोलका आहे. एकाच गावात, एकाच वेळी आलेले, सारखेच डास चावलेले आईबाप आणि मुलं. दोनेक वर्षांत मोठ्यांना चांगलं संरक्षण मिळालं, मुलांना मात्र नाही. म्हणजे इम्युनिटी निव्वळ चाव्यांची बेरीज नाही, वयाचाही त्यात स्वतंत्र हात आहे. वा, म्हणजे मोठ्यांची मजा! नाही. पहिल्या गाठीला तीच मोठी माणसं मुलांपेक्षा जास्त गंभीर आजारी पडतात. तिशीतला, आधी फाल्सिपॅरम कधी न पाहिलेला सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणजे अगदी तोच गिऱ्हाईक. आणि मी त्याला गोळ्या बंद करायला सांगितलं होतं.

बरं, ज्यांनी ही इम्युनिटी कमावली, त्यांचं तरी सगळं छान असतं का? वीस वर्षं मलेरियात काढलेली बाई पहिल्यांदा गरोदर राहते. वार हा नवा अवयव. तिथे चिकटणारा परजीवी वेगळाच मुखवटा घालतो आणि तो तिच्या शरीराने कधी पाहिलेला नसतो. कमावलेली इम्युनिटी तिथे तोकडी पडते. आईला रक्तक्षय, बाळ कमी वजनाचं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला त्रास कमी होत जातो, कारण तोवर तोही मुखवटा ओळखीचा होतो. ज्यांना 'नैसर्गिक' या शब्दाचं फार प्रेम आहे त्यांनी पहिल्या बाळाला याचा हिशोब समजावून सांगावा.

आणि हिशोब निघालाच आहे तर आकडाही घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली जगात मलेरियाने ५,९७,००० माणसं गेली. त्यातले सुमारे ९५ टक्के मृत्यू आफ्रिकेत, आणि त्यांतली चारातली तीन पाच वर्षांखालची मुलं. गुणाकार करून बघा, रोजची अकराशेच्या वर पोरं. आपण ज्यांच्या इम्युनिटीचं कौतुक करतो, ती या चाळणीतून खाली न पडलेली माणसं आहेत. पडलेली मुलं टपरीवर कुणाला दिसत नाहीत.

आता समोरच्या बाजूचा सगळ्यात दमदार मुद्दा, कारण तो टाळला तर मीही टपरीवाल्यांतलाच. १९९० च्या दशकात काही गंभीर संशोधकांनीच विचारलं होतं की मच्छरदाण्या देऊन मुलांना डासांपासून वाचवलं, तर त्यांची इम्युनिटी तयारच होणार नाही. मग आज वाचवलेली मुलं चार वर्षांनी मरणार नाहीत का? प्रश्न योग्य होता. उत्तर शोधायला लोकांनी अक्षरशः पिढी जाऊ दिली. टांझानियात १९९८ ते २००० दरम्यान जन्मलेल्या सहा हजारांवर मुलांचा माग २०१९ मध्ये काढला गेला. लहानपणी तपासणीच्या निदान निम्म्या वेळा मच्छरदाणीत झोपलेली आढळलेली मुलं, तसं कमी झोपलेल्यांपेक्षा मोठेपणापर्यंत जास्त संख्येने जगली. मृत्यूचा धोका ४० टक्क्यांहून अधिक कमी. पाच वर्षांनंतर धोका उसळी मारेल अशी जी भीती होती, तिचा पुरावा दिसला नाही. (मच्छरदाणी वापरणारी घरं इतरही बाबतीत जागरूक असू शकतात, ते मान्य. संशोधकांनीही ते लक्षात घेतलंय.)

हां, एका ठिकाणी उसळी खरंच येते. मादागास्करच्या डोंगराळ भागात पन्नाशीच्या दशकात फवारणी करून मलेरिया जवळजवळ घालवला होता. मग काम ढिलं पडलं, आणि १९८६ ते ८८ मध्ये भयानक साथ आली. ज्यांनी तिशी वर्षांपूर्वीचा मलेरिया भोगला होता ते म्हातारे त्यातल्या त्यात निभावले, नंतर जन्मलेले झोडपले गेले. याचा अर्थ काही लोक 'बघा, तेव्हा मलेरिया राहू दिला असता तर!' असा लावतात. सरकारने फवारणीचं बजेट कापलं तर दोष फवारणीचा, असं हे लॉजिक. आपल्याकडे असा रूट कॉज अॅनालिसिस कुणी लिहिला असता तर मॅनेजरने तोंडावर फेकला असता.

आणि आता तर पर्यायही आहेत. पावसाळ्यात लहान मुलांना दर महिन्याला औषध देण्याची शिफारस २०१२ पासून आहे. पहिल्या लशीची शिफारस ऑक्टोबर २०२१ मध्ये झाली, दुसरीची ऑक्टोबर २०२३ मध्ये, आणि ती दुसरी आपल्या पुण्यात बनते. दोन्ही लशी पूर्ण संरक्षण देत नाहीत, चार डोस लागतात, मच्छरदाणी सुटत नाही. पण पोराच्या शरीराला परजीवी ओळखायला शिकवताना जीव पणाला लावावा लागत नाही.

तो मित्र आता पुन्हा आफ्रिकेत चाललाय, या वेळी अक्रा. काल रात्री फोन करून गोळ्यांचं विचारलं. म्हणाला, "घेतल्यात रे बाबा. आणि तुझा सल्ला विचारला नाहीये."