पदवीची घाई आणि अडलेली पदवी

तीन वर्षांची पदवी अडीच वर्षांत पूर्ण करण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४ मध्ये मान्य केली. श्रेयांक तेवढेच, सत्रागणिक विषय मात्र अधिक. ज्या घरात रोजच्या मजुरीवर चूल पेटते, तेथे वाचलेले सहा महिने म्हणजे सहा महिन्यांची मिळकत. आम्ही या सवलतीचे स्वागतच करतो.

त्याच योजनेत दोन सत्रे वाढवून घेण्याचीही सोय आहे; तिच्याविषयी कोणी बोलत नाही. मंगळवेढ्यात ज्वारीची काढणी उरकते न उरकते तोच परीक्षा येतात. दिवसभर दुकानात राबून रात्री मोबाइलवर वाणिज्य शाखेचे धडे ऐकणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना वेगापेक्षा सवड हवी आहे.

शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये बाबासाहेबांना लंडनचा अभ्यास अर्धवट सोडावा लागला. चार वर्षांच्या आत परतण्याची परवानगी घेऊन ते आले, १९२० मध्ये पुन्हा गेले आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाने डॉक्टरेट मिळवली. त्या पदवीला उशिराची कोण म्हणेल?

दोन विषयांवर पदवी अडलेल्यांनी संकोच सोडून पुन्हा नाव नोंदवावे. परीक्षा शुल्काचा भार कमावत्या माजी विद्यार्थ्यांनी उचलावा, आणि शाळेने संगणक कक्ष रविवारी त्यांच्यासाठी उघडा ठेवावा.