वेळासचं कासव आणि आपली माकडं

आज पिकाची नाही, किनाऱ्याची नोंद. पण विषय आपलाच आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातलं वेळास. पूर्वी इथं ऑलिव्ह रिडले कासवाची अंडी माणसं काढून न्यायची, राहिलेली कोल्ही-कुत्री उकरायची. वन्यजीव कायदा १९७२ चा, तरी अंडी जातच होती. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावाला सोबत घेतलं, तिथून चित्र बदललं. पुढं कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावकऱ्यांच्याच घरात राहतात, तिथंच जेवतात. पैसा गावात राहतो.

काम आपल्या रोपवाटिकेसारखंच नाजूक. पहाटे माग काढायचा, शंभराच्या आसपास अंडी न उलटवता उचलायची, कुंपणातल्या वाळूत तेवढ्याच खोलीचा खड्डा करून ठेवायची. साधारण पन्नास-पंचावन्न दिवस राखण. वाळू तापली की माद्या जास्त, थंड राहिली की नर जास्त. म्हणजे वाढत्या उन्हाचा फटका फक्त आंब्याच्या मोहराला नाही.

आता माझं मत. कासव वाचलं ते नुसत्या कायद्यानं नाही. राखणाऱ्याच्या पदरात काहीतरी पडलं म्हणून वाचलं. समुद्रातही तेच. जाळं कापून संरक्षित जीव सोडला तर मच्छीमाराला २५ हजारांपर्यंत भरपाई द्यायची योजना राज्यानं आणली. जाळ्याचं नुकसान त्याच्या एकट्याच्या डोक्यावर का, हा साधा हिशोब त्यात आहे.

मग हाच हिशोब आमच्या बागेत का नको? कोणी म्हणेल, कासव पीक खात नाही, माकड-डुक्कर खातं. खरंय, फरक मोठा आहे. पण म्हणूनच इथं भरपाई जास्त लवकर आणि पुरती मिळायला हवी. कोकणात माकडांना कंटाळून कितीतरी जणांनी भाजीपाला, कंदपिकं लावणंच सोडलं. जमीन पडीक पडते, तिचा पंचनामा कोण करणार?

माझी मागणी एवढीच: नुकसान मोजताना गावची समिती हवी, राखणीची मजुरी गावातल्याच पोरांना हवी, आणि पैसे पुढच्या पेरणीआधी हातात हवेत. जंगली जीव सगळ्यांचे असतील, तर खर्चही सगळ्यांचा.

तुमच्याकडं काय परिस्थिती आहे? तालुका आणि पीक लिहून जरूर कळवा.