ती पाटी आधी काढा

बाभुळगावसारख्या तालुक्याच्या गावात इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान टाकताय ना? मग गल्ल्यामागे 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी लावू नका. ती तुम्हाला वाचवत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत नसेल तर ३० दिवस धरतात. बिल न देणंही त्यातच येतं. आणि १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आता खेड्यातल्या पोरालाही सापडतो.

पण कायदा बाजूला ठेवा. ऐन फवारणीत शेतकऱ्याचा बॅटरी पंप बंद पडला. तुम्ही म्हणालात, "भाऊ, यवतमाळला सर्व्हिस सेंटरला जा." त्याचा दिवस गेला, एसटीचं भाडं गेलं, कपाशीवरची कीड तशीच. पुढचा पंप तो यवतमाळलाच घेईल, तुमच्याकडे कशाला येईल?

माझं मत स्पष्ट आहे: एक पंप आणि दोन चार्जर फक्त बदली द्यायला ठेवा. पैसे अडकतात, मान्य. बंद पंप गिऱ्हाइकासमोरच उघडा. कधी नुसती वायर सैल निघते. आत पाणी गेलं असेल तर तेही दाखवा आणि दुरुस्तीचा खर्च आधी सांगा. वहीत तारीख, मॉडेल, तक्रार लिहा. एकच मॉडेल तीनदा आलं की त्याची ऑर्डर बंद.

अजून एक. विकताना जोशात "दोन वर्षं काही होत नाही, माझी गॅरंटी" म्हणू नका. कंपनीपेक्षा वेगळी हमी दिलीत तर जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते.