सौम्य आम्ल सौम्य असतेच असे नाही

हळदीच्या डागाला साबण लागला की तो लालसर होतो आणि त्यावर लिंबू पिळले की पुन्हा पिवळा दिसू लागतो. रसायनशास्त्रातील एक जुनी कसोटी अशी आपल्या घरातच आहे. प्रारंभीचे रसायनशास्त्रज्ञ आम्ल ओळखीत ते जिभेला लागणाऱ्या आंबटपणावरून. पुढे १६६४ साली रॉबर्ट बॉइलने निळ्या फुलांचा पाक आम्लाने तांबडा होतो, हे नोंदविले. परंतु रंगावरून आम्ल आहे एवढेच कळते. ते किती तीव्र, हे नव्हे. १६९९ मध्ये विल्हेल्म होम्बर्गने आम्ल शमविण्यास किती क्षार लागतो, ते तोलून पाहिले. त्यातून आम्लाचे प्रमाण समजले. तीव्रतेचे कोडे तसेच राहिले.

ते उलगडले १८८०च्या दशकात, स्वांते अऱ्हेनियसच्या सिद्धान्ताने. पाण्यात आम्लाचे जितके अधिक रेणू फुटून हायड्रोजनचे आयन सुटतात, तितके ते तीव्र. व्हिनेगरमध्ये शंभरांत एकाहूनही कमी रेणू फुटतात. हायड्रोक्लोरिक आम्लात जवळजवळ सर्व.

मात्र या व्याख्येतील ‘सौम्य’ म्हणजे निरुपद्रवी नव्हे. आपल्या भोसरी-चाकण पट्ट्यात धातुकामाचे कारखाने पुष्कळ आहेत. स्टेनलेस स्टील स्वच्छ करण्याच्या मिश्रणांत हायड्रोफ्लुओरिक आम्ल असू शकते. शास्त्राच्या लेखी ते सौम्य. पण त्याचे न फुटलेले रेणूच त्वचेतून खोल शिरतात आणि शरीरातील कॅल्शियम बांधून टाकतात. द्रावण विरल असेल तर वेदना काही तासांनी सुरू होते. तोवर इजा झालेली असते. प्रसंगी ते प्राणांवर बेतते.

म्हणून कारखान्यातील कोणतेही आम्ल फरशी वा न्हाणीघर घासण्यासाठी घरी आणू देऊ नका. घरातील अॅसिडही पाण्याच्या वा सरबताच्या बाटलीत कदापि ओतू नका. दृष्टी अधू झालेल्या ज्येष्ठांना रात्री दोन बाटल्यांतील फरक कळत नाही. आम्ल अंगावर सांडल्यास भिजलेले कपडे उतरवून वाहत्या पाण्याखाली किमान वीस मिनिटे धुवा. पोटात गेल्यास वांती करवू नका. सोडाही देऊ नका, कारण त्यातून वायू व उष्णता निर्माण होते. मूळ बाटली सोबत घेऊन तत्काळ रुग्णालय गाठा. जळजळ होत नाही म्हणून थांबू नका.